शेवट ठरलेला नसेल तर मालिका सुरूच करू नये. पटत नसेल तर बोला, नावाच्या जागी सोलापुरातला आपला भाग लिहा

जुळे सोलापूर

मी मालिका मनापासून बघणारा माणूस आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही मला. ऑफिसात पोरं वेब सिरीजवर बोलत बसतात तेव्हा मी असंभववर बोलतो. पण इतकी वर्षं बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय ते इथं मांडतो. ज्या मालिकेचा शेवट लेखकाला पहिल्या दिवशी माहीत नाही ती सुरूच करू नये. भले ती कितीही चांगली सुरू होऊ दे.

माझ्या सगळ्यात आवडत्या तीन म्हणजे असंभव, अग्निहोत्र आणि एका लग्नाची दुसरी गोष्ट. तिन्हीचे दिग्दर्शक सतीश राजवाडे, आणि तिन्ही माझ्या यादीत असणं हा मला योगायोग वाटत नाही. असंभव 2007 ला झी मराठीवर आली तेव्हा आपल्याकडं लोडशेडिंग जोरात होतं, ऐन वेळेला लाइट गेली की दुसऱ्या दिवशी कोणाला तरी गाठून सुलेखानं काल काय केलं ते विचारायचं, आणि सांगणारा पण डोळे मोठे करून सांगायचा. नीलम शिर्केची ती सुलेखा मला अजून मराठी टीव्हीवरची सगळ्यात भारी खलनायिका वाटते. त्या मालिकेत मध्येच नायिका बदलली, मानसी साळवीच्या जागी ऊर्मिला कानेटकर आली. दुसरी कुठलीही मालिका तिथंच आपटली असती पण ही हलली सुद्धा नाही, कारण लोक चेहऱ्यासाठी बघत नव्हते, मागच्या जन्मात नेमकं काय घडलं ते कळायची वाट बघत होते. उत्तर कुठंतरी आहे याची खात्री होती म्हणून वाट बघितली.

अग्निहोत्रचं पण तेच, नाशिकचा वाडा, घराण्याचे आठ गणपती, पांगलेली माणसं, आणि विक्रम गोखले, विनय आपटे, मोहन आगाशे, सुहास जोशी असे सगळे एकाच मालिकेत. आणि एका लग्नाची दुसरी गोष्ट तर 2012 च्या जानेवारीत सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये संपली. घना आणि राधाचं करार करून केलेलं लग्न, ते खरं लग्न झालं की गोष्ट संपली, विषय कट. तेव्हा ती तुफान चालत होती, अजून दोन वर्षं ओढली असती तरी कोणी अडवलं नसतं.

आता याच्या समोर होणार सून मी ह्या घरची ठेवा. 2013 ला काय सुंदर सुरू झाली होती, श्री आणि जान्हवी, त्या सहा सासवा, आमच्या गल्लीत तेव्हा आठ वाजता संचारबंदी असल्यासारखी शांतता. आणि मग जान्हवीची स्मृती गेली, मग ती गरोदर राहिली आणि ते बाळंतपण इतकं लांबलं की लोकांनी त्याची टिंगल केली. मला त्या टिंगलीचं वाईट वाटलं, कारण मला जान्हवी खरंच आवडायची. आवडत्या माणसाचं असं हसं होताना बघायचं म्हणजे त्रास होतो. तेजश्री प्रधाननं काम शेवटपर्यंत चांगलंच केलं, तिची काय चूक.

दूरदर्शनवर तेरा तेरा भागांच्या मालिका असायच्या, आठवड्यातून एकदा. तेरा भागात सांगायचं तर काय सांगायचं ते आधी ठरवावंच लागायचं. ती शिस्त गेली आणि सगळं बिघडलं असं माझं म्हणणं आहे.

पार्क चौक

शंभर टक्के सहमत. फक्त लेखकाला दोष देऊ नका. दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचे आकडे येतात, मालिका वर असेल तर चॅनेल बंद का करेल, आणि खाली आली तर शेवट लिहायला सुद्धा वेळ देत नाहीत, गुंडाळून टाकतात. किती कमी दिवस आधी हे काम चालतं ते 2020 च्या मार्चमध्ये दिसलं की सगळ्यांना. शूटिंग थांबलं आणि थोड्याच दिवसात सगळीकडं जुने भाग. परत 2021 ला एप्रिलमध्ये इथं बंदी आली तर युनिटं गोव्याला पळाली, का तर हातात साठा नाही. जो माणूस पुढच्या आठवड्याचं आज लिहितोय त्याला दोन वर्षांनंतरचा शेवट कुठून माहीत असणार.

कुंभारीवाली

दादा तुमचं सगळं वाचलं, तुमचं प्रेम खरं आहे त्याबद्दल शंका नाही, पण तुम्ही मालिका सोफ्यावर बसून बघता. आमच्याकडं मालिका ऐकतात.

मी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत वाढले. आई विड्या वळायची, आमच्या ओळीतल्या सगळ्याच बायका वळायच्या, हजार विड्या म्हणजे दिवसभराचं बसणं. मांडीवर सूप, नजर पानावर, कात्री चाललेली, टीव्ही समोर लावलेला. मान वर करायची ती फक्त कोणी जोरात ओरडलं तर. चार दिवस सासूचे आमच्या घरात अशीच चालली, 2001 पासून अकरा वर्षं, आणि आईनं त्यातलं अर्धं कधी डोळ्यांनी बघितलंच नाही पण रोहिणी हट्टंगडींचा आवाज दारातून आला की आशालताबाई आज रागात आहेत का शांत आहेत ते तिला कळायचं.

तुम्ही ज्याला ओढणं म्हणता ना, तीच गोष्ट तीन जणांच्या तोंडून परत सांगणं, एका धक्क्यावर तीन वेळा ढॅण ढॅण ढॅण, कालचं आज परत दाखवणं, ते सगळं आईच्या उपयोगाचं होतं. पान कापताना एक वाक्य सुटलं तर पुढच्या पाच मिनिटात परत यायचं. असंभव एकदा लावली होती आम्ही. आई म्हणाली, यात नुसतं ऐकून काही कळत नाही, कोण कुठल्या जन्मातलं तेच समजंना. तिनं बंद करायला लावली. ती मालिका वाईट होती म्हणून नव्हे, तिच्यासाठी केलेलीच नव्हती.

आणि शेवटाचं म्हणाल तर चार दिवस सासूचे संपली त्या आठवड्यात घरात फार सुनं वाटायचं. तीन हजारांवर भाग झाले, लोक हसतात त्या आकड्याला. मला त्यात आईच्या कामाचे तास दिसतात.

सात रस्ता

कुंभारीवाली ताई, तुमचं लिहिणं पोचलं. पण आईला सोबत मिळाली म्हणून मालिका चांगली ठरते का? सोबत रेडिओनं पण होते. गोष्ट म्हणून ती कशी होती ते सांगा.

कुंभारीवाली

गोष्ट म्हणूनच सांगतेय. दोन हट्टी बायका, एक सासू एक सून, एका घरात, कोणीच पूर्ण वाईट नाही. कविता लाडची अनुराधा गप्प बसून सहन करणारी सून नव्हती, सासूला समोरून उत्तर द्यायची, आणि तरी तिला मान द्यायची. आमच्या ओळीत त्यावरून सासवा सुनांची बोलणी व्हायची, एकमेकींना थेट बोलता येत नव्हतं ते आशालता आणि अनुराधाच्या नावानं बोलून घ्यायच्या. हे आठ महिन्यात होत नाही ओ.

भवानी पेठ

काय बोललालाव ओ सगळे, शेवट शेवट. आमच्या घरात तर शेवट आधीच माहीत असतो तरी बघतात.

आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. आजी आणि आई स्टार माँ वर कार्तिक दीपम बघायच्या, 2017 पासून. काळी म्हणून हिणवलेली दीपा, तिच्यावर संशय घेणारा डॉक्टर कार्तिक, आणि लोक त्या दीपाला वंटलक्काच म्हणायचे, म्हणजे स्वयंपाक करणारी अक्का. प्रेमी विश्वनाथचं काम असं की आजी टीव्हीशी बोलायची. मग 2019 ला स्टार प्रवाहवर रंग माझा वेगळा आली, तीच गोष्ट, तीच दीपा, तोच कार्तिक, कारण दोन्ही मूळ एका मल्याळम मालिकेवरून. रेश्मा शिंदेची दीपा. तर आमच्या वहिनी मराठी बघायच्या आणि आजी त्यांना पुढचं सांगायची, कारण तेलुगू दोन वर्षं पुढं होती. आता बोला. कोड्याचं उत्तर माहीत असलेली माणसं रोज बसून बघत होती, का? वंटलक्का हा अपमान कशी गिळते आणि रेश्मा कशी गिळते हे बघायला. दोघींची दीपा वेगळी होती. प्रेमीची दीपा ताठ, रेश्माची हळवी. आजीला मराठीतली रडते फार असं वाटायचं, वहिनींना तेलुगूतली फार कडक वाटायची, आणि हे भांडण जेवताना रोज.

तुमचा मुद्दा रहस्य असलेल्या मालिकेला लागू होतो सर. माणसांच्या मालिकेला नाही.

सात रस्ता

हे फक्त सोलापुरातच होऊ शकतं. एका घरात दोन भाषेत एकच सून.

विजापूर रोड

मला आई कुठे काय करते बद्दल बोलायचंय, कारण या वादाचा खरा निकाल तिथं लागतो. डिसेंबर 2019 ते नोव्हेंबर 2024. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती नवऱ्यापासून वेगळी झाली तो काळ म्हणजे मराठी टीव्हीवरचं सगळ्यात प्रामाणिक काम असं मी म्हणेन. घटस्फोट झाला, बाई घराबाहेर पडली, तिथं संपायला पाहिजे होती. त्यानंतर आशुतोष आला, लग्न झालं, मग त्यालाही अपघातात मारलं, मग मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला ढकलली. अरुंधतीला शेवटी काय मिळालं? एवढ्या मेहनतीनं उभी केलेली बाई आणि तिच्या नशिबात परत दुःखच.

होटगी नाका

अजिबात पटलं नाही. तुम्ही पुरुष आहात का ते विचारत नाही, पण घटस्फोटाला गोष्ट संपते असं ज्यांना वाटतं त्यांनी घटस्फोटित बाईचं आयुष्य जवळून बघितलेलं नाही. माझा झालाय, म्हणून बोलते. सही करून कोर्टाच्या बाहेर आल्यावर सगळं सुरू होतं. घरभाडं, मुलांचं आडून आडून बोलणं, सणाला कोणाकडं जायचं, सासरच्या माणसांशी नातं ठेवायचं का नाही. अरुंधती घटस्फोटानंतरही देशमुखांच्या घरी जायची त्यावर लोक चिडायचे, कशाला जाते म्हणून. अहो जावं लागतं, तिथं मुलं आहेत. गाणं शिकवून ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, त्या वयात दुसरं लग्न केलं, मुलांसमोर केलं. माझ्या आईनं मला ते लग्नाचे भाग बघायला बोलवून घेतलं होतं. काही बोलली नाही, फक्त शेजारी बसवलं. ही मालिका घटस्फोटाला संपली असती तर माझ्या आईला माझ्याशी तो विषय काढायला काही साधनच नव्हतं.

आशुतोषला मारायला नको होतं हे मान्य. त्याचा राग मलाही आहे.

अक्कलकोट रोड

विषय थोडा वेगळा, पण मालिकेच्या प्रेमाचाच आहे. तुझ्यात जीव रंगला कोल्हापूरची, लागिरं झालं जी साताऱ्याची, रात्रीस खेळ चाले सावंतवाडीजवळ आकेरीची, माझ्या नवऱ्याची बायको मधली राधिका नागपूरची. आपली बोली कधी ऐकली का कोणी नायकाच्या तोंडून? जय जय स्वामी समर्थ अक्कलकोटची गोष्ट आहे, 2020 ला सुरू झाली, आमच्या घरात श्रद्धेनं बघतात, पण त्यात सुद्धा आपलं करलालाव, जाउलालाव काही ऐकू येत नाही. मला मोठी चालेल छोटी चालेल, ओढलेली सुद्धा चालेल, एकदा यंत्रमागावरचा नायक आणि त्याची तेलुगू बोलणारी सासू दाखवा.

भवानी पेठ

हे झालं तर मी दहा वर्षं बघेन.

जुळे सोलापूर

सगळ्यांचं नीट वाचलं, उत्तर देतो.

कुंभारीवाली ताई, ऐकण्यासाठी केलेली मालिका हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता आणि आईंबद्दल जे लिहिलंत त्याला मी हात लावत नाही. पण ऐकणाऱ्याला सुद्धा नीट रचलेली गोष्ट का मिळू नये? कीर्तन ऐकतातच की लोक, कामं करत ऐकतात, आणि आख्यान कुठं जाऊन थांबणार ते बुवांना पक्कं माहीत असतं. चार दिवस सासूचे च्या पहिल्या काही वर्षांबद्दल तुम्ही जे बोलताय ते मी मानतो, अकराच्या अकरा वर्षं मात्र आशालताबाई तशाच राहिल्या असं मला वाटत नाही.

भवानी पेठ भाऊ, तुमचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. स्वराज्यरक्षक संभाजी घ्या. 1689 ला काय झालं ते महाराष्ट्रातल्या पोराला सुद्धा माहीत आहे. तरी 2017 ते 2020 लोकांनी जीव टाकून बघितली, आणि अमोल कोल्हे हसले तरी आमच्या वडिलांच्या डोळ्यात पाणी यायचं, कारण पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक होतं. शेवट माहीत असल्यानं प्रत्येक भागाला वजन आलं. तुमच्या आजींना पण पुढचं माहीत होतं म्हणून तर त्या दीपाच्या प्रत्येक अपमानाकडं इतकं बारीक बघत होत्या. मी शेवट लपवा म्हणत नाहीये, शेवट असू द्या म्हणतोय.

होटगी नाका ताई, घटस्फोटानंतरची गोष्ट सांगायलाच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण ती सांगायची असं ठरवून सांगितली असती तर आशुतोषला मारायची पाळी आली नसती. दुसरं लग्न टिकलेलं दाखवायला हिंमत लागते, आणि पुढं कुठं जायचं ते ठरलेलं नसलं की लेखक पहिला हात अपघातालाच घालतो.

भवानी पेठ

संभाजी महाराजांचा शेवट इतिहासानं लिहिला सर, मालिकेच्या लेखकानं नाही. दीपाचा लिहायला कोणीतरी बसलं होतं आणि तो रोज बदलत होता. मराठी मालिका तेलुगूच्या मागून येऊन सुद्धा काही ठिकाणी वेगळ्या वाटेनं गेली, तेव्हा आजीचं भविष्य चुकलं आणि वहिनी जाम खुश झाल्या. ते सगळं ठरवून केलेलं नव्हतं, आणि तेच आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चेचं झालं.

कुंभारीवाली

दादा, कीर्तन एका रात्रीचं असतं. आईची विडी दुसऱ्या दिवशी परत सुरू व्हायची. तुमच्या आवडीच्या तीन मालिका मी आता मोबाईलवर बघेन, मला वेळ आहे, मी नोकरी करते, संध्याकाळी मोकळी असते. पण चॅनेलवाल्यांनी सगळ्याच मालिका तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी केल्या तर दुपारी टीव्ही लावून काम करणाऱ्या बायकांनी काय लावायचं? आमच्या ओळीत अजून वळतात. त्यांना विचारून सांगते, आठ महिन्यात संपणारी चालेल का म्हणून.