मदत हवी आहे: सावल्या उजळल्या की रंग बिघडतात

नमस्कार मंडळी. सूर्योदयाच्या वेळी डोंगराचे काही फोटो काढले. आकाश फार प्रखर होतं, म्हणून ते जळू नये (पांढरंफटक होऊ नये) यासाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, मुद्दाम कमी ठेवलं. आकाश छान आलं, पण समोरची दरी जवळपास काळीच. फाइल १४-बिट रॉ आहे, म्हणजे सेन्सरची जवळपास सगळी माहिती जपणारी, त्यामुळे नंतर उजळता येईल असं वाटलं होतं.

लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज (गडद भाग उजळणारा स्लायडर) +८० केलं. दरी दिसायला लागली खरी, पण खडक निळसर-जांभळे झाले आणि झाडी राखाडी, धुवून काढल्यासारखी. सावलीत थेट ऊन नसतं, आकाशाचा निळा प्रकाशच पडतो, म्हणून थोडा निळेपणा येणार हे कळतं. पण व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा निळा-पिवळा तोल) उबदार केला की आकाश पिवळंधम्मक होतं! सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवलं तर नॉइजचे, म्हणजे गडद भागातल्या दाणेदारपणाचे, रंगीत ठिपकेच आधी उठून दिसतात. शिवाय डोंगराच्या कडेला पांढरट वलय येतं, ते तर अगदी डोळ्यांत खुपतं.

ल्युमिनन्स मास्क (उजेडानुसार फोटोचा ठराविक भाग निवडणारा) लावून फक्त गडद भागाच्या रंगाचं तापमान बदलावं का? की कलर ग्रेडिंगमध्ये शॅडोजना थोडा नारिंगी रंग द्यावा? आणि वलय टाळायला शॅडोजऐवजी टोन कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारा आलेख) वापरणं बरं का?

पुढच्या वेळी २ स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकाने ३ फोटो घेऊन जोडेन, ते ठरलंय. पण हा प्रकाश पुन्हा मिळेलच असं नाही, त्यामुळे आहे तीच फाइल वाचवायची आहे. कुणी असं केलं असेल तर कोणत्या क्रमाने करता, तेवढं सांगा.