बहुपदीवरच्या क्रिया: नियम तोंडपाठ, पण कंस दिसला की मुलं गडबडतात. कसं शिकवता तुम्ही?

खडूफळा

नववीला बहुपदी शिकवतेय. कोटी (सगळ्यात मोठा घातांक), सहगुणक (क्ष च्या आधीचा आकडा), प्रमाण रूप वगैरे सगळं नीट झालं, तोंडी विचारलं तर पटापट सांगतात, पण बेरीज-वजाबाकी-गुणाकार सुरू झाले आणि वह्या तपासताना डोकं धरून बसायची वेळ आलीये. चुकाही दरवेळी त्याच त्याच. ३क्ष + २य लिहिलं की खाली ५क्षय. क्ष² + क्ष² चं क्ष⁴. (क्ष + ३)² चं क्ष² + ९, आणि हे तर सूत्र पाठ असलेली मुलंही करतात, म्हणजे विचारलं तर अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग खणखणीत आवाजात म्हणणार आणि गणितात उतरलं की दोन अब गायब!

सगळ्यात वाईट हाल वजाबाकीचे. (५क्ष² − २क्ष + ७) मधून (३क्ष² − ४क्ष + ९) वजा करा म्हटलं तर निम्म्या वर्गाचं उत्तर २क्ष² − ६क्ष + १६. म्हणजे वजा चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावलं, बाकीची दोन पदं जशीच्या तशी खाली.

पेन-वह्यांचं उदाहरण देऊन झालं, तीन पेनं आणि दोन वह्या मिळून पाच पेनवह्या होतात का रे, तेव्हा सगळे हसतात आणि पुढच्याच गणितात परत ५क्षय. आता पुठ्ठ्याच्या टाइल्स कापून आणू का, की सरळ सराव वाढवू? भागाकार अजून सुरूच केला नाहीये, त्याची तर धास्तीच आहे. (वर्गात एक्सच लिहितो, इथे कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा म्हणून क्ष.)

रफवही

मॅडम, पेन-वही आधी बंद करा. बहुतेक जण हेच उदाहरण देतात आणि अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. क्ष म्हणजे पेन नाही, क्ष म्हणजे संख्या. क्ष म्हणजे पेन असं एकदा डोक्यात बसलं की गुणाकाराला मूल अडकतं, पेन गुणिले पेन म्हणजे काय? काहीच नाही. मग ते क्ष² कडे चित्रासारखं बघायला लागतं आणि क्ष² + क्ष² मध्ये वरचे दोन आकडे दिसतात ते बेरीज करून टाकतं.

त्याऐवजी ‘किंमत घालून बघ’ ही सवय लावा. ३क्ष + २य = ५क्षय म्हणतोस ना, मग क्ष १० घे, य १ घे. डावीकडे ३२, उजवीकडे ५०. संपलं. तुम्ही चूक म्हणायची गरजच नाही, आकडेच म्हणतात.

पण कुठली किंमत घालायची ते तुम्ही सांगा, मुलांवर सोडलं तर ती ०, १ नाहीतर २ घेणार आणि हे तिघंही दगाबाज आहेत. शून्य घातलं की फक्त स्थिरपद (क्ष नसलेलं पद) तपासलं जातं, बाकी सगळं चुकलेलं असलं तरी खपून जातं. १ घातला तर घातांकाच्या चुका दिसतच नाहीत, क्ष² × क्ष³ = क्ष⁶ हे १ ला अगदी बरोबर ठरतं. आणि २ घातला तर क्ष + क्ष = क्ष² बरोबर, दोन्हीकडे ४! म्हणून १०. १० घालायला गणितही करावं लागत नाही, नुसतं वाचायचं असतं. (क्ष + ३)² म्हणजे १३ चा वर्ग, १६९, आणि त्यात १, ६, ९ हे क्ष² + ६क्ष + ९ चे सहगुणक समोर उभे असतात. त्यांचं क्ष² + ९ म्हणजे १०९. तेराचा वर्ग १०९ नाही हे वर्गात कुणालाही कळतं.

खरं तर बहुपदी म्हणजे दशमान पद्धतीत १० च्या जागी क्ष ठेवलाय एवढंच. एकक, दशक, शतक च्या जागी स्थिरपद, क्ष, क्ष². सरूप पदांचीच (क्ष चा घातांक सारखा असलेल्या पदांचीच) बेरीज का करायची तर एककाखाली एकक लिहितो तसंच. हे एकदा नीट दाखवलं की सगळ्या क्रिया ओळखीच्या वाटतात.

कंसातला

रफवही यांच्याशी सहमत, फक्त वजाबाकीवर वेगळं बोलतो कारण मार्क तिथेच जातात.

‘कंसाबाहेर वजा असेल तर आतली सगळी चिन्हं बदला’ हे वाक्य मी वर्गात बोलतच नाही. मुलं ‘चिन्ह बदला’ एवढंच ऐकतात, मग नको तिथेही बदलतात, आणि कधीकधी तर पहिल्या कंसातलीही बदलून मोकळे होतात. मी विचारतो, ३क्ष² − ४क्ष + ९ मध्ये काय मिळवलं की ५क्ष² − २क्ष + ७ होईल? एकेक पद घ्यायचं. ३क्ष² वरून ५क्ष² ला जायला २क्ष². −४क्ष वरून −२क्ष ला जायला +२क्ष. ९ वरून ७ ला जायला −२. उत्तर २क्ष² + २क्ष − २. यात कंस सोडवणं येतच नाही, आणि मधल्या पदाशी सगळा वर्ग थांबतो कारण −४ वरून −२ ला जाताना वर चढायचं की खाली हे ठरवावं लागतं. तेवढं थांबू द्या त्यांना, घाई करू नका, तिथेच काय ते डोक्यात जातं. मग १० घालून ४८७ − २६९ = २१८ पडताळा. तुमच्या वर्गाचं २क्ष² − ६क्ष + १६ म्हणजे १५६.

कंस सोडवायची रीत नंतर येऊ दे, आणि ती देताना (−१) ने प्रत्येक पदाला गुणलं असं लिहून द्या, एक जास्तीची ओळ गेली तरी चालेल.

गुणाकाराला चौकट. ती पहिलं-बाहेरचं-आतलं-शेवटचं वाली फॉइल कृपया नको, दोन द्विपदी असतील तोवर ठीक, त्रिपदी आली की मुलं चार गुणाकार करून थांबतात कारण त्यांना चारच शिकवलेत. चौकटीत एका बाजूला एका बहुपदीची पदं, दुसऱ्या बाजूला दुसरीची, जेवढे खाने तेवढे गुणाकार, एकही सुटत नाही. आणि (क्ष + ३)² च्या चौकटीत ३क्ष चे दोन खाने डोळ्यासमोर असतात, ते दोन अब कुठून आलं हा प्रश्न संपतो.

नऊचा_पाढा

१० चं कौतुक चाललंय पण एक खड्डा आहे तो सांगून ठेवतो नाहीतर मुलं तुम्हाला अडवतील. (क्ष + ५)(क्ष + ६) घ्या. १५ × १६ = २४०. आता सहगुणक वाचायला गेलात तर २क्ष² + ४क्ष?? हातचा आला ना! खरं उत्तर क्ष² + ११क्ष + ३०, ते पडताळून बघितलं तर १०० + ११० + ३० = २४० बरोबरच येतं, पण उलट वाचता येत नाही. बहुपदीत हातचा नसतो, ११क्ष हे ११क्ष च राहतं, त्याचं क्ष² होत नाही. संख्या आणि बहुपदी यांच्यातला फरक नेमका हाच आणि तो मुद्दाम फळ्यावर दाखवण्यासारखा आहे.

मग १०० घाला. १०५ × १०६ = १११३०. उजवीकडून दोनदोन आकडे तोडा: १, ११, ३०. पोरं उडतात हे बघून.

जुनी_पाटी

सगळं छान आहे हो, पण सरावाला पर्याय नाही. मात्र वीस सारखीच गणितं देण्यापेक्षा पाच सोडवलेली द्या ज्यातली दोन चुकीची आहेत, आणि शोधायला सांगा. दुसऱ्याची चूक शोधायला फार उत्साह असतो.

टाइल्सबद्दल, आणायच्या तर आणा, (क्ष + २)(क्ष + ३) साठी मस्त. फक्त क्ष च्या पट्टीची लांबी एककाच्या बरोबर पाचपट वगैरे कापू नका, मुलं लगेच एकक ठेवून मोजतात आणि क्ष म्हणजे ५ असं ठरवून टाकतात. मुद्दाम अडनिडी कापा, साडेपाचही नको. आणि ऋण पदं आली की टाइल्स गुंडाळून ठेवा, उलटी बाजू, दुसरा रंग, काढून घ्यायच्या पट्ट्या, या सगळ्यात मूळ गणित हरवतं. तिथे चौकटच बरी, क्षेत्रफळ म्हणून नाही तर गुणाकाराचा तक्ता म्हणून.

अवांतर: सरूप पदांचा नियम भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) स्पष्ट दिलाय, समान जातीच्यांची बेरीज-वजाबाकी करा, भिन्न जातीची पदं वेगळी मांडा. क्ष ला ते यावत्-तावत् म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत, वर्गाला ‘याव’, स्थिरपदाला ‘रू’. म्हणजे आपलं क्ष² + ५क्ष + ६ हे याव १ या ५ रू ६. सहगुणक प्रत्येक वेळी लिहायचा, १ असला तरी. हे मला फार आवडतं, कारण आपल्याकडे क्ष² चा सहगुणक विचारला की अर्धा वर्ग ‘नाहीये’ म्हणतो.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, ‘काय मिळवलं की’ वापरून बघितलं. पहिल्यांदा शांतता, मग −४क्ष वरून −२क्ष ला जाताना वर्गात दोन तट पडले, एक म्हणतो +२ एक म्हणतो −६, शेवटी एका मुलीने संख्यारेषा काढून निकाल लावला. मी गप्प उभी होते. १०५ × १०६ ला खरंच उडाले.

आता भागाकाराचं सांगा. संश्लेषक पद्धत (नुसते सहगुणक मांडून भागायची रीत) आधी द्यावी का, ती पटकन होते असं बरेच जण म्हणतात. आणि एका मुलाने मला गाठलंय, म्हणे १० घालून दोन्हीकडे सारखं आलं म्हणजे उत्तर बरोबरच ना? हो म्हणवेना.

रफवही

हो म्हणू नकाच. सारखं नाही आलं तर उत्तर नक्की चुकलंय. सारखं आलं तर ‘बहुतेक बरोबर’, एवढंच. क्ष² आणि १०क्ष, दोघांनाही १० घाला, १००. त्याला हेच द्या आणि विचारा आता किती किमती तपासल्या म्हणजे खात्री होईल. त्याचं उत्तर आहे: दोन्ही बाजूंची कोटी जास्तीत जास्त २ असेल तर तीन वेगवेगळ्या किमतींना जुळलं की नक्की समान, कोटी ३ असेल तर चार. सिद्धता आत्ता नको, पण मुलगा हुशार दिसतोय, दोन वेगवेगळ्या रेषा एकाच बिंदूत छेदतात तिथून सुरुवात करून बघा.

कंसातला

संश्लेषक आधी अजिबात नको. उत्तर येतं, पण आपण काय करतोय हे मुलाला माहीत नसतं. आणि भाजक २क्ष − १ आला की १/२ घेऊन आलेला भागाकार परत २ ने भागायचा असतो तो हमखास राहतो.

चौकट उलटी वापरा. (क्ष³ − ७क्ष + ६) ÷ (क्ष − २). सगळ्यात आधी भाज्य पूर्ण लिहायला लावा, क्ष³ + ०क्ष² − ७क्ष + ६. ते ०क्ष² लिहिलं नाही की भागाकार कोसळलाच, आणि ते का लिहायचं तर १००६ मधली शून्यं का लिहितो त्याच कारणाने. आता डाव्या बाजूला क्ष आणि −२, दोन ओळी. पहिल्या खान्यात क्ष³ हवा म्हणजे वर क्ष². त्याच्या खाली −२ च्या ओळीत −२क्ष² आपोआप आलं. पण आपल्याला एकूण ०क्ष² हवेत, म्हणून शेजारच्या खान्यात +२क्ष² यायला पाहिजे, म्हणजे वर +२क्ष. खाली −४क्ष. एकूण −७क्ष हवे, म्हणजे शेजारी −३क्ष, वर −३. खाली −२ × −३ = ६, आणि हवे होते ६, बाकी शून्य. भागाकार क्ष² + २क्ष − ३. बघा, यात कुठेही वजाबाकी केली नाही, प्रत्येक वेळी तोच प्रश्न, काय मिळवलं की हवं ते येईल. उभ्या मांडणीत पोरं भागाकारात चुकत नाहीत, वजाबाकीत चुकतात.

पडताळा: ९३६ ÷ ८ = ११७, आणि १०० + २० − ३ = ११७.

उभी मांडणी आणि संश्लेषक, दोन्ही त्यानंतर द्या, परीक्षेत विशिष्ट रीत मागितली तर यायला हवी.

नऊचा_पाढा

आणि तो किंमत घालणारा मुलगा आहे ना, त्याला सांगा याच गणितात १० ऐवजी २ घाल. भाजक शून्य झाला, आता भागणार कसं? भाज्यात घातले तर ८ − १४ + ६ = ०. मग भाज्यातला ६ खोडून ११ करा आणि परत २ घाला, ५ येतात. चौकटीत बाकी किती राहते ते त्यालाच काढू द्या. शेष सिद्धांत (क्ष − अ ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे क्ष च्या जागी अ घातल्यावर येणारी किंमत) पुढच्या आठवड्यात असेल तर प्रस्तावना शिकवायची गरज पडणार नाही.

खडूफळा

पुढच्या आठवड्यातच आहे. त्याला उद्या फळ्यावर बोलावते.