वादळात मेश रेडिओ कोकणाच्या कामाचा आहे का?

सडेकर : वाडीवाडीत एकेक मेशटॅस्टिक नोड, म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय फोनवरचे लेखी निरोप रेडिओने एकमेकांकडे पोचवणारे छोटे यंत्र, बसवला की पुढच्या वादळात कोकणाचा संपर्क तुटणार नाही, असे काल येथे एकाने लिहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा मी आंजर्ल्यात होतो आणि आम्ही सुखरूप आहोत एवढे दापोलीतल्या भावाला कळवायला चौथा दिवस उजाडला, तेव्हा गरज मला कोणी समजावू नये. परंतु या नोडच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी डोंगर भेदत नाहीत आणि आपल्या वाड्या डोंगराच्या कुशीत, खाडीकाठी आहेत.

खाडीकाठ : म्हणूनच तर जाळे! सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, एक नोड दोन्ही बाजूंचे निरोप पुढे पाठवतो, मूळ मांडणीतच तीन टप्पे मिळतात, म्हणजे निरोप तीनदा पुढे पाठवला जातो, आणि परवानाही लागत नाही.

सडेकर : तो सड्यावरचा नोड मी बसवला होता. जुलैत आठवडाभर ऊन पडले नाही, बॅटरी संपली, आणि खाऱ्या वाऱ्याने अँटेनाचा जोड हिरवा पडला. चिखलातून वर जाऊन तो पुसायला कोण येणार होते?

खाडीकाठ : तुमच्या नोडमधला बोर्ड ईएसपी३२ चिपचा असणार. एनआरएफ५२ चिपचा बोर्ड त्याच्या मानाने फारच थोडी वीज खातो; चुकीच्या बोर्डाचा दोष जाळ्याला लावू नका.

मराठी वाचक : तुम्ही दोघे निरोपाच्या लांबीविषयी गप्प का? एका निरोपात जेमतेम दोनशे बाइट मावतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, कानामात्रेसकट, तीन बाइट घेते. ‘आईला दापोलीच्या रुग्णालयात हलवले’ यालाच नव्वद बाइट लागतात.

खाडीकाठ : रोमन लिपीत लिहा, पस्तिसांत भागते. निरोप लहान असला की तो पाठवायला रेडिओला वेळही कमी लागतो.

मराठी वाचक : माझी आई रोमन वाचत नाही. पुराच्या रात्री शेजारच्या मुलाने रोमनमध्ये पाठवलेला संदेश तिच्या फोनवर सकाळपर्यंत तसाच पडून होता. ज्यांच्यासाठी हे जाळे उभारायचे, त्यांनाच ते वाचता येत नसेल तर ते कोणाचे?

खाडीकाठ : नव्वद बाइट दोनशेंत मावतातच की! देवनागरीत लिहा, फक्त थोडक्यात लिहा.

सडेकर : लिपीचे तुम्ही पाहा. बोर्डाचे मी नाइलाजाने मान्य करतो. मे महिन्यात एनआरएफचा बोर्ड आणि जोडावर जलरोधक टेप लावून पुन्हा सड्यावर चढतो. तो ऑगस्टपर्यंत चालला, तरच वाडीतल्या लोकांना दुसरा नोड घ्यायला सांगेन.