पलटी नांगराच्या हायड्रॉलिक पाइपाचा जोड गळतो: जोर लावावा की फिटिंग बदलावे?

प्रश्न (शेतकरी, यावल तालुका)
पऱ्हाट्या काढून उन्हाळी नांगरट सुरू केली आणि पलटी नांगराच्या सिलिंडरकडे जाणारा एक पाइप फुटला. दुकानातून अर्धा इंची नवा पाइप तयार करून आणला. ट्रॅक्टरकडच्या निपलवर (बाहेरून आटे असलेल्या जोडाच्या तुकड्यावर) त्याचा नट दोन-तीन आटे हाताने सहज बसतो, पुढे पान्यानेही जड जातो आणि नांगर पलटवताच जोडातून तेल येते. दोनदा टेफ्लॉन टेप गुंडाळूनही उपयोग झाला नाही. नट आणखी आवळावा का?

उत्तर १ (हायड्रॉलिक दुरुस्ती, जळगाव)
भाऊ, कृपया आवळू नका. ‘अर्धा इंच’ हे पाइपाच्या आतल्या भोकाचे माप आहे, आट्यांचे नव्हे; त्याच पाइपाला निरनिराळ्या आट्यांचे नट बसवता येतात. आपल्या वर्णनावरून निपल अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे पाइप-आटे) आणि नट २२ मिमी मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचे आटे) असावा. बीएसपीच्या दोन आट्यांतले अंतर सुमारे १.८१ मिमी असते, तर या मेट्रिक नटाचे १.५ मिमी, म्हणून तो आधी ढिला फिरतो आणि मग अडकतो. व्हर्नियरने नटाचा आतला व्यास मोजा: बीएसपी असेल तर तो १८.६ मिमीच्या आसपास भरेल, मेट्रिक असेल तर २०.४ मिमी. शिवाय या जोडात तेल आट्यांमुळे नव्हे, तर शंकूच्या बैठकीमुळे, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट टेकतात त्या उतरत्या कडेमुळे, अडते. बीएसपीची बैठक ६० अंशांची आणि मेट्रिकची २४ अंशांची असल्याने टेपने काहीच साधत नाही, उलट तिचा तुकडा वॉल्व्हमध्ये जाण्याची भीती असते. फुटलेला जुना पाइप टाकून न देता नमुना म्हणून दुकानात न्या.

उत्तर २ (शेतकरी, शिरपूर)
नट बदलताना पाइपही तपासून घ्या. अर्धा इंची एकपदरी तारेच्या पाइपाचा कामाचा दाब साधारण १६० बार असतो, दुपदरीचा २७५ बार. पलटी नांगरासाठी मी दुपदरीच घेतो. दाबाखाली पाइप आखडू शकतो, म्हणून तो ताणून बसवू नये. नट आवळताना फिटिंग दुसऱ्या पान्याने धरावे, आणि पाइपावर छापलेली रेषा सरळ राहिली आहे ना, हे पाहावे. ती पिळलेली दिसली तर पाइपाला पीळ बसला आहे. शेवटी नांगर दोन्ही बाजूंना सावकाश पलटवून पाइप कुठे घासतो का, ते नीट बघा.

उत्तर ३ (भुसावळ)
एक विनंती आहे. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून दाबाने येणारे तेल कातडीत शिरते; बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसत असली, तरी लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे लागते. जोड सोडण्यापूर्वी नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब उतरवा.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. नट २०.४ मिमीच भरला. क्रिंप केलेले (यंत्राने दाबून पाइपावर बसवलेले) फिटिंग पुन्हा वापरता येत नसल्याने पाइपाचे टोक कापून बीएसपी फिटिंग बसवले; निपलचे पुढचे आटे दबले होते, म्हणून निपलही बदलले. कापल्यामुळे पाइप चार बोटे आखूड झाला आहे, परंतु नांगर पूर्ण पलटवूनही तो ताणला जात नाही आणि जोड कोरडा आहे.