बेकर मॅकेन्झी आणि ती टॅक्सीची गोष्ट, खरी आहे का?

कलम_बहाद्दर
मंडळी एक प्रश्न आहे. आमच्या लॉ कॉलेजात गेस्ट लेक्चरला एक सर आले होते, ते बोलता बोलता म्हणाले की बेकर मॅकेन्झी ही एवढी अवाढव्य वकिलांची फर्म शिकागोत दोन वकील एका टॅक्सीत बसले म्हणून जन्माला आली. ऐकायला भारी वाटतं पण मला तर हे ब्रोशरवाल्यांचं काम वाटतंय. शिवाय पैसा सगळा न्यूयॉर्क-लंडनला, मग शिकागोची फर्म जगभर पसरली कशी? आणि पार्टनरशिप आहे म्हणता तर एका देशातल्या पार्टनरने घोळ घातला तर दुसऱ्या देशातल्याने खिशातून भरायचं का? अजून एक, आपल्या मुंबईत अशा फर्म्सच्या पाट्या इतकी वर्षं का दिसल्या नाहीत? कुणी नीट सांगेल का, गुगलवर सगळं गुळगुळीत लिहिलंय.

शिकागोचा_मामा
टॅक्सीची गोष्ट फर्मच सांगत आलीय, शेअर टॅक्सीत रसेल बेकर आणि जॉन मॅकेन्झी भेटले आणि १९४९ ला फर्म झाली. असेल खरी, पण त्या टॅक्सीला जरा जास्तच भाव मिळालाय असं माझं मत. खरी सुरुवात त्याच्या बरीच आधीची. बेकर न्यू मेक्सिकोकडचा, शिकागो युनिव्हर्सिटीत लॉ केलं आणि १९२५ ला डेना सिम्प्सन नावाच्या वर्गमित्राबरोबर छोटी फर्म काढली. क्लायंट कोण, तर शिकागोत कामधंद्याला आलेली मेक्सिकन माणसं. मग तिथून लॅटिन अमेरिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांची कामं यायला लागली, ॲबट लॅबोरेटरीज त्यातलीच (हो तीच औषधवाली). मॅकेन्झी कोर्टात केस लढवणारा गडी होता, म्हणजे एक परदेशी कामं आणणार आणि एक कोर्ट सांभाळणार अशी जोडी जमली.

आता पहिलं परदेशी ऑफिस कुठे काढलं माहितीये का, लंडन नाही पॅरिस नाही, कराकस! १९५५ साली. तेव्हा व्हेनेझुएलात तेलाचा पैसा वाहत होता आणि अमेरिकन कंपन्या तिकडे धावत होत्या. पुढच्या दहा वर्षांत ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, झुरिक, लंडन, साओ पावलो, मनिला, टोकियो अशी रांगच लागली. आणि तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे बघ, बेकरने अमेरिकन वकील उचलून तिकडे नेऊन बसवण्यापेक्षा तिथलेच वकील घेतले, तिथलाच कायदा शिकलेले, आणि त्यांना पार्टनर केलं. वॉल स्ट्रीटच्या खानदानी फर्म्स तेव्हा याला नाकं मुरडायच्या. पैशाचं वाटपही त्यांच्या एका फॉर्म्युल्यावर चालायचं, ज्याने क्लायंट आणला त्याचा वाटा, ज्याने काम केलं त्याचा वाटा. त्यामुळे लांबच्या ऑफिसला पण वाटायचं की आपण राबतो ते शिकागोवाल्यांची घरं भरायला नाही. तोटा असा की मग क्लायंट नक्की कुणाचा यावरून भांडणं, ती तर आपल्याकडे दोन वकिलांच्या फर्ममध्ये पण होतात 😄

लंडन_रिटर्न
मामांनी छान सांगितलंय, फक्त लंडनवाले मागे का राहिले ते जोडतो. इंग्लंडमध्ये कायद्यानेच पार्टनरशिपला वीस जणांची मर्यादा होती, सॉलिसिटर्सना त्यातून सूट मिळाली ती १९६७ च्या कंपनी कायद्याने. म्हणजे बेकरची ऑफिसं चार खंडांत पसरली होती तेव्हा लंडनच्या फर्मला एकविसावा पार्टनर घेता येत नव्हता. मग १९८६ ला बिग बँग झालं (लंडनच्या शेअर बाजारावरचे निर्बंध एकदम उठले), सिटीत म्हणजे लंडनच्या बँकांच्या भागात परदेशी बँकांचा पैसा आला आणि लगेच १९८७ ला कावर्ड चान्स आणि क्लिफर्ड-टर्नर एकत्र येऊन क्लिफर्ड चान्स झाली. त्यांनी २००० मध्ये अमेरिकेतली रॉजर्स अँड वेल्स आणि जर्मनीतली प्युंडर घेतली, म्हणजे मोठ्या फर्म्स आपल्यात विलीन करून वाढायचं. बेकरचं तसं नव्हतं, एकेक रोप लावत जायचं.

आणि खिशातून भरायच्या प्रश्नाचं, २००४ ला त्यांनी स्विस फेराइन केलं. ही स्वित्झर्लंडच्या कायद्याखालची संघटना, वर नाव एक, धोरण एक, पण खाली प्रत्येक देशातली फर्म कायद्याने वेगळी. त्यामुळे एकाचं देणं सहसा दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. पुढे डीएलए पायपर, डेंटन्स वगैरेंनी हीच वाट धरली.

रोखठोक_ताई
सगळं गोडगोड नको हं. याच फर्मच्या न्यूयॉर्क ऑफिसने एड्स झालेल्या एका तरुण वकिलाला काढून टाकलं होतं, त्याने १९८६ ला भेदभावाची तक्रार केली आणि १९८७ ला तो गेला. निकाल आला १९९३ ला, राज्याच्या मानवी हक्क विभागाने फर्मला पाच लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. सुनावणी संपायच्या आत माणूस संपला, याला काय म्हणायचं! लगेच १९९४ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका सेक्रेटरीच्या लैंगिक छळाच्या केसमध्ये ज्युरीने फर्मला लाखो डॉलरचा दंड ठोकला (नंतर रक्कम कमी झाली). आणि १९९९ मध्ये फर्मची पहिली महिला चेअरमन झाली ती क्रिस्टीन लगार्ड, हो, नंतर आयएमएफ आणि युरोपियन सेंट्रल बँकवाली, ती पॅरिस ऑफिसातून वर आलेली. त्या केसेसमुळेच तिला खुर्ची मिळाली असं मी म्हणत नाही, पण इतिहास सांगायचा तर ही पानं पण वाचा.

फोर्टातला_सॉलिसिटर
मुंबईचं मी सांगतो. पाट्या लागल्या होत्या की! नव्वदीत व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क आणि ॲशर्स्ट यांना रिझर्व्ह बँकेने लायझन ऑफिसची (नुसत्या संपर्कापुरत्या ऑफिसची) परवानगी दिली होती, फेराच्या म्हणजे तेव्हाच्या परकीय चलन कायद्याच्या कलम २९ खाली. त्याविरुद्ध लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने १९९५ ला मुंबई हायकोर्टात याचिका टाकली, मुद्दा ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २९ चा, की वकिली फक्त इथल्या नोंदणीकृत वकिलांनीच करायची (दोन्हीकडे २९, योगायोग). फर्म्सचं म्हणणं आम्ही कोर्टात उभे राहतच नाही, नुसता ड्राफ्टिंग आणि सल्ला, ती काय वकिली झाली का. निकाल लागला डिसेंबर २००९ मध्ये, चौदा वर्षांनी, की हो, तीही वकिलीच, आणि ती करायला इथली सनद पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला तेच उचलून धरलं, फक्त क्लायंटला सल्ला द्यायला अधूनमधून येऊन गेलात तर चालेल. मग मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिलने नियम काढून परदेशी कायद्यापुरतं आणि आंतरराष्ट्रीय लवादापुरतं दार किलकिलं केलं, तेही त्या देशाने आपल्या वकिलांना घेतलं तर. कोर्टात उभं राहणं नाहीच.

कलम_बहाद्दर
बाप रे, एवढं तर सरांनी पण नाही सांगितलं, सगळ्यांचे आभार. सॉलिसिटर काका एक विचारू का, मग २००९ च्या निकालानंतर परदेशी कंपनीचं भारतातलं डील असेल तर लंडनची फर्म नक्की काय करायची?

फोर्टातला_सॉलिसिटर
इंग्लिश कायद्याखालचं लोन ॲग्रीमेंट त्यांचं, भारतातली सिक्युरिटी (कर्जाचं तारण) आणि शेअर ट्रान्सफरची कागदपत्रं आमची. मीटिंगा सिंगापूर नाहीतर लंडनला. आणि रात्री अकराला ड्राफ्ट पाठवून "सकाळपर्यंत कमेंट्स द्या" म्हणायचे, ते मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.