उल्हासनगरचा फ्लॅट: '२००६ च्या कायद्यात बसतो' म्हणतात, घ्यावा का?

घरशोध्या: कॅम्प ४ मध्ये वन बीएचके बघितलाय. १९९७ ची बिल्डिंग, तिसरा मजला, भाव कल्याणपेक्षा बराच कमी. ओसी (पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र) नाही. एजंट म्हणतो, "२००६ च्या कायद्यात बसते, टेन्शन नाही." बँक मात्र कर्जाला तयार नाही.

माजी_सेक्रेटरी: बसते म्हणू दे हो, नियमित झाली का ते विचारा. डी फॉर्म, म्हणजे नियमित झाल्याचा दाखला, दाखव म्हणावं. हायकोर्टाने साडेआठशेच्या वर बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, तेव्हा विधिमंडळाने फक्त उल्हासनगरसाठी हा कायदा केला. १ जानेवारी २००५ पूर्वीचं बांधकाम असेल तर दंड भरून नियमित करून घ्या. पण ते आपोआप होत नाही. अर्ज, कागद, छाननी, एकेका इमारतीची. आमच्याकडे निम्मे मेंबर म्हणाले, "पाडायला येतंय कोण?" वर्गणी जमलीच नाही, फाइल अजून माझ्या कपाटात आहे.

आणि डी फॉर्म असला तरी स्लॅबला त्याचं काय? मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन बिल्डिंगींचे वरचे स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळले, माणसं गेली. दोन्ही नव्वदच्या दशकातल्या. तुमचीही त्याच काळातली.

डोंबिवलीकर: एकाच शहराला वेगळा कायदा? आम्ही काय घोडं मारलंय?

माजी_सेक्रेटरी: फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं, १९४९ मध्ये त्याचं शहर झालं. कुटुंबं वाढली, बराकींवर माळे चढले. तिथवर मला मान्य आहे. पण नव्वदीत बराक पाडून पाच मजले ठोकणारा बिल्डर काही निर्वासित नव्हता! माफी मात्र त्याच्याही बांधकामाला. दंड भरायचा आम्ही, तो कधीच पसार.

घरशोध्या: मग बघताना काय बघू?

माजी_सेक्रेटरी: जागेची सनद, म्हणजे सरकारने दिलेला मालकीचा कागद, कोणाच्या नावावर आहे ते. मग तुमच्या खालच्या फ्लॅटवाल्याला विनंती करून त्याच्या संडास-बाथरूमचं छत बघा. आतली सळई गंजून फुगली की प्लास्टरला सळईच्या रेषेत सरळ, लांब चीर जाते. तिथे नवंकोरं पीओपी मारलेलं दिसलं तर जास्तच संशय घ्या. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट सोसायटीकडून मागा, एजंटकडून नको. रीडेव्हलपमेंटच्या आशेवर घेत असाल तर आधी सगळे मेंबर एका सहीला तयार आहेत का तेही विचारा. आमचे वर्गणीलाच नव्हते. टोकन तूर्त देऊ नका.