मसादाचा वेढा, अजिंक्यतारा आणि ज्यूंचे बंड

गडवाचक, सातारा:
नमस्कार मंडळी. परवा अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या बुरुजापाशी बसलो होतो. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने तटाखाली सुरुंग उडवले, तेव्हा दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेर कोसळून मोगलांचीच माणसे गाडली गेली आणि प्रयागजी प्रभूंनी गड पुढेही झुंजवला. सध्या इ. स. ६६ मध्ये ज्यूंनी रोमनांविरुद्ध केलेल्या बंडाविषयी वाचत असल्यामुळे मृत समुद्राजवळच्या मसादा या डोंगरी किल्ल्यावरच्या बंडखोर ज्यूंना रोमनांनी घातलेला वेढा सारखा डोळ्यांसमोर येतो. त्या ओसाड डोंगरावर हजारभर माणसांना पाणी कोठून मिळाले, आणि सर्वांनी मरण पत्करल्याची हकीकत कितपत मानावी?

जुना सभासद, वाई:
पाण्याची सोय हेरोद राजाने आधीच करून ठेवली होती. पावसाळ्यात ओढ्यांना येणारा लोंढा पाटांनी वळवून डोंगराच्या कुशीत खोदलेल्या टाक्यांत साठवत आणि तेथून पाणी वर वाहून नेत. त्यामुळे रोमन सेनापती सिल्व्हाने तहानेची वाट न पाहता डोंगराभोवती भिंत घातली, आठ छावण्या वसवल्या आणि पश्चिमेच्या नैसर्गिक सोंडेवर भर घालून दमदमा उभारला. तो आजही जागेवर आहे.

इतिहास-विद्यार्थी, कऱ्हाड:
मरणाची हकीकत जोसेफस या एकट्या ज्यू इतिहासकाराची आहे. तो ९६० मृत सांगतो. टाक्यांच्या भुयारात लपलेल्या दोन स्त्रिया आणि पाच मुले तेवढी वाचली, असे म्हणतो. तो स्वतः गालीलमधला बंडाचा सरदार, इ. स. ६७ मध्ये रोमनांना शरण गेला आणि पुढे त्यांच्याच आश्रयाने लिहू लागला. १९६३ ते १९६५ च्या उत्खननात जेमतेम पंचवीस-तीस माणसांचे सांगाडे मिळाले, म्हणून वेढा निर्विवाद खरा असला तरी शेवटच्या रात्री बंडखोरांच्या नेत्याने सर्वांना मरण पत्करायला सांगितले म्हणून जोसेफस जे लांबलचक भाषण देतो, ते मी त्याच्याच लेखणीचे मानतो.
मात्र मसादा हे बंडाचे शेपूट. खरा घात जेरुसलेमात झाला, जेथे गिस्कालाचा जॉन आणि सायमन बार गिओरा या बंडाच्याच दोन पुढाऱ्यांच्या माणसांनी आपसांतल्या भांडणात शहराची धान्याची कोठारे जाळली. कित्येक वर्षे पुरला असता असा दाणा राख झाला आणि इ. स. ७० मध्ये शहर उपाशीपोटी पडले.

गडवाचक, सातारा:
कोठारांचे वाचून फार वाईट वाटले. त्या दोघांचे पुढे काय झाले?

इतिहास-विद्यार्थी, कऱ्हाड:
सायमनला रोममध्ये विजयाच्या मिरवणुकीत फिरवून ठार केले. जॉनला जन्मठेप झाली. त्याच मिरवणुकीत मिरवलेली जेरुसलेमच्या ज्यू मंदिरातली सात फांद्यांची समई रोममधल्या टायटसच्या कमानीवर कोरलेली आहे, आणि ती वाहणाऱ्यांच्या खांद्यांवरचे दांडेही स्पष्ट दिसतात.